स्कॉटलंड-इंग्लंड 'फ्रेंडली'ला पहिल्यांदाच जातोय, जाणकारांनी जरा सांगा

सातारी_ग्लासगोत (रविवार, १० सप्टेंबर २०२३)

नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याचा, एप्रिलपासून कामासाठी ग्लासगोला आहे. प्रश्न जरा लांब आहे पण वाचा प्लीज.

परवा मंगळवारी, १२ तारखेला, हॅम्पडन पार्कवर स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड मॅच आहे. या दोघांच्या पहिल्या मॅचला १५० वर्षं झाली म्हणून ठेवलीय असं कळलं. फ्रेंडली आहे, म्हणजे पॉइंट्स नाहीत, कप नाही, काही नाही. पण ऑफिसात गेले दोन आठवडे दुसरा विषयच नाही. परवा शुक्रवारी स्कॉटलंडने युरो क्वालिफायरमध्ये सायप्रसला ३-० हरवलं, पाच मॅचमध्ये पाच विजय, मला वाटलं ग्रुपवर आनंदीआनंद असेल, तर मॅच संपून दहा मिनिटं नाही झाली आणि टीम लीडचा मेसेज, "आता मंगळवार". बस. जी मॅच खरोखर मोजली जाणारे तिचं कौतुक दहा मिनिटं आणि जी मोजलीच जाणार नाही तिच्यासाठी झोप उडालीय लोकांची, हे मला समजत नाहीये.

आता माझी अडचण. मी नववीत असताना, २००२ च्या वर्ल्ड कपला, बेकहॅमने अर्जेंटिनाला पेनल्टी मारली ती शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघितली आणि तेव्हापासून इंग्लंडचा झालो तो झालोच. माझ्याकडे इंग्लंडचा शर्ट आहे, इकडे येताना मुद्दाम बॅगेत टाकला होता. आणि मंगळवारचं तिकीट मला मिळालंय ते टीम लीडच्या वडिलांचं. ७४ वर्षांचे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हॅम्पडनच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणून त्यांनी स्वतःहून सांगितलं की त्या इंडियन मुलाला दे, त्याने बघितलं पाहिजे. मी त्यांना एकदाच भेटलोय, तेव्हा अर्धा तास ते फक्त १९६७ बद्दल बोलत होते, तेव्हा ते १८ वर्षांचे होते आणि लंडनला मॅच बघायला गेले होते. त्यांचं इंग्लिश मला निम्मं कळलं पण डोळ्यांत पाणी होतं हे खरं.

लीडला मी सांगितलं की मी इंग्लंडचा सपोर्टर आहे. तो हसला नाही. म्हणाला, ठीक आहे, पण वडिलांना नको सांगू.

तर विचारायचं हे की, एक, फ्रेंडलीला एवढं महत्त्व का? दोन, तिकीट होम स्टँडमधलं आहे, शर्ट घातला तर चालेल का, निदान आतून? आणि तीन, हे जास्त टोचतंय, त्या आजोबांच्या सीटवर बसून मनातून इंग्लंडला सपोर्ट करणं बरोबर आहे का? की तिकीट परत देऊ?

क्लाइडकाठचा

तिकीट अजिबात परत देऊ नका. २१ वर्षं आहे मी इथे, या मॅचचं तिकीट कुणी कुणाला सहज देत नाही, त्यांनी तुम्हाला घरातलं मानलंय असं समजा.

आधी कामाचं सांगून टाकतो. शर्ट घालू नका, आतूनही नको, गरम झालं की जॅकेटची चेन खाली येतेच. पाहुण्या टीमच्या लोकांना वेगळा भाग असतो, होम स्टँडमध्ये तसा शर्ट दिसला तर स्टुअर्ड, म्हणजे स्टेडियमची व्यवस्था बघणारे लोक, तुम्हालाच बाहेर काढतील. साधं गडद जॅकेट घाला. ग्लासगो सेंट्रलवरून माउंट फ्लोरिडाची ट्रेन घ्या, मॅच पावणेआठला आहे पण साडेपाचच्या आसपासच निघा, त्यानंतर ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आत साध्या स्टँडमध्ये बिअर मिळत नाही, १९८० च्या स्कॉटिश कप फायनलनंतर सेल्टिक आणि रेंजर्स या इथल्या दोन क्लबच्या लोकांची मैदानात मारामारी झाली तेव्हापासून इथे बंदी आहे. थंडी वाजली म्हणून शेजारचा बोव्हरील देऊ करेल, तो बीफचा अर्क असतो हे माहिती असू द्या, आणि पाय म्हणून जी गोल पेस्ट्री मिळते तिच्यात मटण असतं. खात असाल तर जरूर खा, हाफ टाइमला गरम गरम छान लागते.

आता १५० वर्षांचं. ती मॅचला नाही झाली, स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनला झाली, ती १८७३ च्या मार्चमध्ये स्थापन झाली. मॅच त्याच्याही आधीची आहे, ३० नोव्हेंबर १८७२. म्हणजे स्कॉटलंडमध्ये अजून असोसिएशनच नव्हती आणि इंग्लंडशी मॅच खेळून झाली होती, टीम उभी केली ती क्वीन्स पार्क नावाच्या क्लबने, अकराच्या अकरा त्यांचेच. जगातली पहिली अधिकृत आंतरराष्ट्रीय मॅच ती, आणि ती फ्रेंडलीच होती! तेव्हा फ्रेंडली म्हणजे कमी महत्त्वाची हे गणित इथे लागूच होत नाही, कारण सुरुवातच तिथून आहे. वर्ल्ड कप अठ्ठावन्न वर्षांनी आला.

ती झाली कुठे तर पार्टिकमध्ये, वेस्ट ऑफ स्कॉटलंड क्रिकेट क्लबच्या मैदानावर. हो, क्रिकेटच्या मैदानावर, आणि ते मैदान अजून आहे, अजून तिथे क्रिकेटच खेळतात. मी उन्हाळ्यात मुलांना घेऊन जातो. चार हजार लोक आले होते, गोलला वरची दांडी नव्हती, फीत बांधलेली असायची. स्कोअर ०-०.

पण त्या ०-० मध्येच सगळं आहे बघा. इंग्लंडने आठ फॉरवर्ड लावले होते, त्यांची रीत अशी की बॉल मिळाला की मान खाली घालून एकट्याने ड्रिबल करत सुटायचं, बाकीचे मागे पळणार, बॉल सुटला की दुसरा घेणार. हे क्वीन्स पार्कवाले अंगाने हलके, धक्काबुक्कीत टिकणार नव्हते, म्हणून ते बॉल एकमेकांना द्यायला लागले. पासिंग. आज आपण ज्याला फुटबॉल म्हणतो ते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्कॉटलंडने इंग्लंडला धुतलं, १८८१ ला लंडनमध्ये ओव्हलवर ६-१, आणि त्या दिवशी स्कॉटलंडचा कॅप्टन होता अँड्र्यू वॉटसन, गयानात जन्मलेला, जगातला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू. मग इंग्लंडचे क्लब पैसे देऊन स्कॉटिश खेळाडू न्यायला लागले, त्यांना तिकडे 'प्रोफेसर' म्हणायचे. इथल्या म्हाताऱ्या माणसाशी बोललात तर तो हेच सांगेल की नियम त्यांनी लिहिले पण खेळायला आम्ही शिकवलं. यात थोडी बढाई असेल, पण मला विचाराल तर बरंचसं खरं आहे.

टेम्सवाली

मी लंडनला १४ वर्षं आहे आणि मला वरचं चित्र थोडं एकतर्फी वाटतं. इथल्या लोकांना विचारा, मोठा शत्रू कोण, तर जर्मनी म्हणतील, जरा वयस्क असतील तर अर्जेंटिना. स्कॉटलंडचं नाव तिसरं-चौथं. माझ्या ऑफिसात मंगळवारच्या मॅचबद्दल फारसं कुणी बोललेलं नाही, काल युक्रेनशी १-१ झाली त्यावरच इंग्लंडचा मॅनेजर साउथगेटला शिव्या चालू आहेत. म्हणजे ही रायव्हलरी एका बाजूला जास्त तापलेली आहे, आणि ते साहजिक आहे ना, ५५ लाखांचा देश, अख्ख्या मुंबईपेक्षा कमी लोक, आणि समोर साडेपाच कोटींहून मोठा शेजारी, ज्याच्याशी तीनशे वर्षांपासून एकच संसद.

आकडे बघितले तर आत्तापर्यंत ११५ मॅचेस, इंग्लंड ४८, स्कॉटलंड ४१, बाकी ड्रॉ. एवढ्या लहान देशाने इतक्या जवळ राहणं हे खरंच मोठं आहे. पण स्कॉटलंड शेवटचं जिंकलं १९९९ ला.

एक मात्र सांगते. २०२१ च्या युरोला जूनमध्ये इथल्या वेम्बली स्टेडियमला याच दोघांची ०-० झाली ना, तेव्हा मी मुद्दाम लेस्टर स्क्वेअरला गेले होते बघायला. धो धो पाऊस, करोनामुळे स्टेडियमची तिकिटं मोजकी, आणि तरी हजारो स्कॉटिश लोक किल्ट घालून लंडनला आलेले, कित्येकांकडे तिकीट नव्हतं, मॅच बघायला मिळणार नाही हे माहिती असून आलेले. भिजत गात होते. आणि ०-० झाल्यावर ते असे नाचले की जणू फायनल जिंकली, आणि इकडे इंग्लंडच्या लोकांनी आपल्याच टीमची हुर्यो केली. एकच स्कोअर, दोघांचं सगळं वेगळं. मला वाटतं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

पेठकरी

कोल्हापूरहून लिहितोय. भावा, फ्रेंडली एवढी का तापती हा प्रश्न साताऱ्याच्या माणसानं विचारावा याचं जरा वाईट वाटलं, सव्वाशे किलोमीटरवर आमचं शाहू स्टेडियम आहे, एकदा पाटाकडील आणि शिवाजी तरुणची मॅच बघितली असतीस तर विचारला नसतास. आमच्याकडं मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ चालत गेलं तर दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, एकमेकांच्यात सोयरीक, एकाच तालमीत कुणाचा आजा तर कुणाचा चुलता, अन् मॅचच्या दिवशी बघ कसं असतंय. जितकं जवळचं तितकं जास्त लागतंय. लांबच्याशी हरलं तर माणूस झोपून उठला की विसरतंय, शेजारच्याशी हरलं की दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर, दुकानात, जावयाच्या घरी सगळीकडं ऐकून घ्यावं लागतंय.

आणि एक, वर्ल्ड कप आला की आमच्या पेठा ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात हे सगळ्यांना माहिताय, पण त्या दोघांना फुटबॉल कुणी दिलं हे फार जणांना माहीत नसतंय. अर्जेंटिनात शाळेतनं फुटबॉल रुजवलं अन् १८९३ ला लीग उभी केली तो अलेक्झांडर वॉटसन हटन ग्लासगोचा मास्तर. ब्राझीलला १८९४ ला बॉल अन् नियमाचं पुस्तक घेऊन आलेला चार्ल्स मिलर, जन्म साओ पाउलोचा पण बाप स्कॉटिश. म्हणजे आमची निम्मी भांडणं तुझ्या ग्लासगोपर्यंत जात्यात. त्यामुळं मी तरी मंगळवारी स्कॉटलंडकडनं. मॅच लाइव्ह बघायला मिळतीय, हे भाग्य आहे, जा.

क्लाइडकाठचा

पेठकरी, सोयरिकीचं एकदम बरोबर बोललात, इथेही तसंच आहे, निम्म्या घरांत कुणीतरी इंग्लंडमध्ये दिलेलं किंवा आणलेलं आहे. स्वतः मॅकटॉमिने, स्पेनविरुद्ध मार्चमध्ये दोन गोल मारून हॅम्पडन डोक्यावर घेतलं तो, जन्म लँकेस्टरचा, इंग्लंडचा.

टेम्सवाली, एकतर्फी आहे हे मान्य, पण नेहमी तसं नव्हतं. १८७२ पासून १९८९ पर्यंत, दोन महायुद्धांची वर्षं सोडली तर जवळपास दर वर्षी ही मॅच व्हायची, एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. १९३७ ला हॅम्पडनवर १,४९,४१५ लोक होते, नीट वाचा, दीड लाख, आता जेमतेम ५२ हजार मावतात. वेम्बलीची पाळी दोन वर्षांनी यायची, आणि इथल्या कारखान्यांत, गोद्यांत, पबमध्ये लोक त्यासाठी भिशी लावायचे. भिशीच ती, दुसरा शब्द नाही, दर आठवड्याला थोडे पैसे, दोन वर्षं, मग ट्रेनचं तिकीट, लंडनला एक रात्र आणि मॅच. बायका घरी चिडायच्या, पण भिशी मोडायची नाही. तुमच्या आजोबांचा १९६७ चा प्रवास बहुतेक अशाच भिशीवर झाला असेल, विचारून बघा, खूश होतील.

आणि १९६७ म्हणजे काय ते तुम्हाला मंगळवारच्या आधी माहिती पाहिजेच. १५ एप्रिल १९६७, वेम्बली. इंग्लंड वर्ल्ड चॅम्पियन, फायनलच्या अकरापैकी दहा जण मैदानात, जिंकल्यापासून एकदाही न हरलेले. स्कॉटलंडचा गोलकीपर रॉनी सिम्पसन, वय ३६, आणि ही त्याची देशासाठी पहिली मॅच. स्कॉटलंड ३-२ जिंकलं. लोकांना स्कोअरपेक्षा आठवतो तो जिम बॅक्स्टर, जो मध्यावर उभा राहून मॅच चालू असताना बॉल पायावर टिचक्या मारल्यासारखा खेळवत बसला, जसं गल्लीत पोरं करतात, वर्ल्ड चॅम्पियन समोर उभे. डेनिस लॉला ते पटत नव्हतं, त्याला गोल पाहिजे होते, कारण सहा वर्षांपूर्वी त्याच मैदानावर इंग्लंडने ९-३ ने हरवलं होतं आणि लॉ त्या हरलेल्या टीममध्ये होता. मला स्वतःला लॉचं पटतं. पण बॅक्स्टरचा तो तुकडा मी शंभर वेळा बघितला असेन, तरी दरवेळी अंगावर काटा येतो.

सगळंच गोड नाही. १९०२ ला इथल्याच आयब्रॉक्स स्टेडियमवर याच मॅचला लाकडी स्टँडचा मागचा भाग कोसळला, २५ माणसं गेली, पाचशेच्या वर जखमी, आणि तरीही खेळ पूर्ण केला गेला. तो निकाल नंतर रद्द करून मॅच बर्मिंगहॅमला परत खेळवली. १९७७ ला वेम्बलीवर २-१ जिंकल्यावर लोक मैदानात घुसले, गोलची दांडी मोडली, गवत उपटून घरी नेलं, आजही काही घरांच्या बागेत त्याचं गवत आहे असं सांगणारे भेटतात. ८० च्या दशकात हुल्लडबाजी फार वाढली आणि १९८९ नंतर दरवर्षीची मॅच बंदच झाली.

आता हिशोब करा. पूर्वी दर वर्षी एक. १९८९ नंतरच्या ३४ वर्षांत फक्त ८. त्यातल्या दोन फ्रेंडली, २०१३ आणि २०१४, बाकी स्पर्धांच्या ड्रॉमध्ये, म्हणजे सोडतीत, नावं एकत्र आली म्हणून झाल्या. एक अख्खी पिढी ही मॅच न बघता मोठी झाली. ज्याच्या आजोबांनी वीस बघितल्या त्या नातवाने दोन बघितल्या. म्हणून फ्रेंडली. वाट बघत बसलो तर ड्रॉमध्ये कधी येईल सांगता येत नाही, फ्रेंडली ठेवली तरच होते, आणि हॅम्पडनला तर २०१७ नंतर पहिल्यांदाच आहे. २०१७ ला मी होतो. ८६ व्या मिनिटाला स्कॉटलंड ०-१ ने मागे, मग ग्रिफिथ्सने तीन मिनिटांत दोन फ्री किक मारल्या, दोन्ही डाव्या पायाने, दोन्ही भिंतीवरून. शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडून रडत होता. आणि तो रडणं थांबवायच्या आत, ९३ व्या मिनिटाला इंग्लंडच्या केनने बरोबरी केली. २-२. एवढी शांतता मी ५० हजार लोकांत कधी ऐकली नाही.

मडगांवकार

एक आठवण करून देतो, आपल्याकडच्या फुटबॉलमध्येही हे दोघं आहेत. ड्युरँड कप शिमल्यात १८८८ ला सुरू झाला, पहिला जिंकला रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सने आणि हरवलं हायलँड लाइट इन्फंट्रीला, दोन्ही स्कॉटिश पलटणी. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा, तो पहिला नेला वूस्टरशायरच्या पलटणीने, म्हणजे इंग्लंडवाले. हे लोक भांडण बरोबर घेऊनच बोटीत चढले होते.

टेम्सवाली

क्लाइडकाठचा, तुम्ही १९६७ सांगताना एक गाळलंत. इंग्लंडचा जॅक चार्लटन सुरुवातीलाच जायबंदी झाला, तेव्हा बदली खेळाडू मिळत नव्हते, तो लंगडत फॉरवर्डला उभा राहिला आणि त्याही अवस्थेत गोल केला. म्हणजे इंग्लंड बराच वेळ जेमतेम दहाच होतं. विजय तो विजयच, पण पूर्ण सांगावं.

क्लाइडकाठचा

मान्य. सांगायला हवं होतं.

सातारी_ग्लासगोत

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं दोनदा वाचलं. शर्ट कपाटात ठेवला. आजोबांना लीडकडून विचारलं, भिशीच होती! त्यांचे वडील गोदीत होते, दोन वर्षं भरली होती आणि ऐन वेळी त्यांनी स्वतःची जागा मुलाला दिली. म्हणजे १९६७ ला सुद्धा ते वडिलांच्या तिकिटावर गेले होते आणि आता त्यांचं तिकीट मला. हे ऐकल्यावर तिसरा प्रश्न आणखीच अवघड झालाय. मी खोटं खोटं स्कॉटलंडसाठी ओरडू शकत नाही, ते त्यांचा अपमान होईल असं वाटतं. आणि गप्प बसून राहिलो तर लीड ओळखेल.

ओल्ड_ट्रॅफर्ड_नाशिक

मी फक्त वाचत होतो पण आता लिहितोच. बेकहॅममुळे इंग्लंडचे झालात म्हणजे मँचेस्टर युनायटेडही असणारच, बरोबर ना? मग बघा. बेकहॅमला घडवला कुणी, सर अलेक्स फर्ग्युसन, गोव्हनचा माणूस, तुम्ही राहता त्या शहराचा, त्याचे वडीलही गोदीतच कामाला. त्याच्या आधी युनायटेड उभी केली सर मॅट बझबीने, विमान अपघातात टीम गेल्यावर दहा वर्षांत परत उभी करून युरोपियन कप आणला, तोही ग्लासगोजवळच्या खाणकामगारांच्या वस्तीतला. डेनिस लॉ अ‍ॅबर्डीनचा, १९६६ ची फायनल चालू असताना बघवणार नाही म्हणून गोल्फ खेळायला गेला होता, हे त्याने स्वतः सांगितलंय. लिव्हरपूलवाल्यांनाही विचारा शँकली कुठला आणि डॅल्ग्लिश कुठला.

म्हणजे तुम्ही वीस वर्षं ज्यावर प्रेम करताय त्यातलं निम्मं याच गावातून गेलेलं आहे. खोटं ओरडायची गरजच नाही, आपल्या युनायटेडच्या मॅकटॉमिनेच्या पायात बॉल आला की ओरडा, ते तर खरंच असेल ना? केनने गोल केला तर शांत बसा. दोन्हीत खोटं काही नाही.

पेठकरी

नाशिककरांनी मुद्द्याचं सांगितलं. आणि ते राष्ट्रगीताच्या वेळी उभा राहा ताठ. इंग्लंडच्या गीताला हुर्यो होईल बहुतेक, तू करू नकोस.

सातारी_ग्लासगोत (बुधवार, १३ सप्टेंबर)

जाऊन आलो. रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळीच लिहितोय, गडबडीत आहे, चुका असतील.

इंग्लंडच्या गीताला हुर्यो झाली, इतकी की बँड ऐकू येईना, मला ते आवडलं नाही आणि मी गप्प उभा होतो. नंतर स्कॉटलंडचं सुरू झालं, बॅगपाइप्स वाजत होते, मग मधेच वाद्यं थांबली आणि लोक तसेच गात राहिले, नुसत्या गळ्याने, अख्खं स्टेडियम. लीडचा आवाज फाटला होता. शेजारी एक सात-आठ वर्षांची मुलगी बापाच्या खांद्यावर डोळे मिटून गात होती. मला शब्द येत नव्हते पण घसा माझाही भरून आला.

मॅचचं म्हणाल तर इंग्लंड फार सरस होतं. ३२ व्या मिनिटाला फोडेन, तीन मिनिटांत स्कॉटलंडच्या रॉबर्टसनची चूक आणि बेलिंगहॅम. वीस वर्षांचं पोर ते, सगळ्या मैदानावर त्याचंच राज्य होतं. मी खरंच सांगतो, पहिल्या गोलला आतून आनंद झाला, हात मांडीखाली दाबून बसलो, दुसऱ्या गोलला लीडने डोकं धरलं तेव्हा तेवढा झाला नाही. हाफ टाइमनंतर इंग्लंडचा मॅग्वायर आला आणि त्याने बॉलला पाय लावला की होम स्टँडमधून खोट्या टाळ्या, प्रत्येक पासला. ते बघवत नव्हतं, कुणाचाही असो, माणूस खेळतोय. मग ६७ व्या मिनिटाला रॉबर्टसनचा क्रॉस मॅग्वायरच्याच पायाला लागून आत गेला. २-१. आणि त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं मी काय करत होतो मला आठवत नाही, लीड म्हणतो की मी उभा होतो आणि ओरडत होतो. काय ओरडत होतो ते त्यालाही कळलं नाही, मराठीत होतं म्हणे.

८१ व्या मिनिटाला बेलिंगहॅम तिघांमधून घुसला, केनला दिला, ३-१. संपलं.

परत येताना माउंट फ्लोरिडाला चाळीस मिनिटं रांगेत होतो. लीड काही बोलला नाही. मग एकदम म्हणाला, चल, ते जागे असतील. रात्री अकराला त्यांच्या घरी गेलो. आजोबा खुर्चीत बसलेले, टीव्ही बंद. मी ठरवून गेलो होतो, सांगितलं त्यांना की मी लहानपणापासून इंग्लंडचा आहे, तिकीट घेताना सांगायला हवं होतं. ते म्हणाले, माहिती आहे, माझ्या मुलाला काही लपवता येत नाही. आणि मग विचारलं की माझ्या सीटवरून उजवीकडचा कोपरा नीट दिसतो का अजून, मधल्या काळात तिथे एक खांबासारखं काहीतरी बसवलंय असं कुणी म्हणत होतं. मी सांगितलं दिसतो, पूर्ण दिसतो, रॉबर्टसनचा क्रॉस तिकडूनच आला.

क्लाइडकाठचा, ते पार्टिकचं क्रिकेट मैदान सध्या उघडं असतं का? त्यांनी ७४ वर्षं ग्लासगोत काढून कधी आतून बघितलेलं नाही. तिथे पायऱ्या नसतील तर येत्या शनिवारी गाडीने घेऊन जायचं ठरवतोय.

क्लाइडकाठचा

पायऱ्या नाहीत, सपाट आहे, बाजूला बसायला बाक आहेत. उघडं आहे का ते क्लबला फोन करून विचारून सांगतो. मीपण येतो, थर्मासमध्ये चहा माझ्याकडे.